मशीनमध्ये पाणी हळू येतंय? आधी जाळी बघा की

पावसाळ्यात बेळगाव-खानापूरकडं विहिरीचं पाणी टाकीत सोडलं की लाल गाळ थोडा तरी येतोयच, आणि तो जाऊन बसतोय वॉशिंग मशीनच्या इनलेटच्या (पाणी आत येतंय त्या तोंडाच्या) जाळीत. मग पाणी भरायलाच अर्धा तास, नाहीतर एरर, एलजीच्या मशीनला ‘आयई’ दिसलं तर पाणी नीट येईना झालंय असं समजा. लगेच मेकॅनिकला फोन नको. प्लग काढा, नळ बंद करा, मागचा नळाकडनं येणारा पाईप हातानं फिरवून सोडवा (खाली बादली ठेवा, पाणी सांडतंय), आत बारीक जाळी असते ती पकडीनं अलगद ओढायची, जुन्या टूथब्रशनं घासून परत तशीच बसवायची. जाळी फाटली म्हणून तशीच चालवू नका हं, गाळ व्हॉल्व्हमध्ये गेला की मग खर्च आहे.

जाळी स्वच्छ असूनपण धार बारीकच, तर टाकीची उंची बघा. 10 मीटर उंचीला साधारण 1 बार प्रेशर मिळतंय, म्हणजे मशीनच्या डोक्यावर दोन-तीन मीटरवरच टाकी असली तर फ्रंट लोडला (समोर दार असलेल्या मशीनला) ते कमीच पडतंय, छोटा प्रेशर पंप लावावा लागतोय.