केगमधली बिअर बाटलीत भरताय? या चुका टाळा

केगमधून, म्हणजे बिअर दाबाखाली साठवायच्या धातूच्या पिंपातून, ग्लासात छान उतरणारी बिअर बाटलीत भरायला घेतली की अर्धी बाटली फेसाने भरते आणि उरलेली बिअर फरशी पिते. मग प्रश्न येतो, "फेस फार येतोय, कोणता फिलर (बाटली भरायचं साधन) घेऊ?" मी उलट विचारतो, "बाटल्या गार होत्या का?" नव्हत्या. कधीच नसतात.

बिअरमध्ये गॅस (कार्बन डायऑक्साइड) धरून ठेवतात थंडावा आणि दाब. ४ अंश सेल्सिअसला साधारण १२ पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक) बिअरमध्ये अडीच व्हॉल्यूमच्या आसपास, म्हणजे बिअरच्या आकारमानाच्या सुमारे अडीच पट, गॅस राहतो. तेवढाच गॅस २० अंशांना राखायचा तर २८ च्या आसपास पीएसआय लागतात. आता हीच गार बिअर खोलीत पडलेल्या कोमट, कोरड्या बाटलीत सोडा. तिथे वरून दाब नाही, काच गरम, शिवाय आत धुळीचे कण असतील तर बुडबुड्यांना धरायला जागाही तयार. गॅस सुटणारच. त्यात महागडा फिलर काय करणार?

म्हणून केग आदल्या दिवशीच १-२ अंशांवर ठेवा. बाटल्या सॅनिटायझरमधून काढून ओल्याच फ्रिजमध्ये टाका. फ्रीजरमध्ये नको, आतलं पाणी गोठलं तर बर्फाच्या कणांवरही फेस धरतो. भरण्याआधी गॅस बंद करा, रिलीफ व्हॉल्व्ह ओढून केगमधला दाब सोडा, रेग्युलेटर (गॅसचा दाब ठरवणारा भाग) ३-४ पीएसआयवर आणा आणि गॅस पुन्हा सुरू करा. पहिला अर्धा ग्लास बाजूला काढा, कारण नळ आणि नळी तोवर गरमच असतात. हे सगळं करूनही फेस थांबत नसेल तर नळी लांब करून बघा आणि केगच्या बिअर-नळीची ओ-रिंग तपासा. ती गळकी असेल तर बिअरबरोबर गॅसही नळीत शिरतो.

पण होतं काय, दाब कमी केला की बिअर सावकाश येते, आणि नवख्यांना तेवढाही धीर नसतो. मग कोणी तरी हळूच रेग्युलेटर पंधरावर नेतो. बाटली लवकर भरते खरी, पण फेस बसायची वाट बघण्यात आणि पुसापुशीत वाचवलेला वेळ केव्हाच गेलेला असतो.

दुसरी चूक माझ्या मते याहून वाईट, कारण ती त्या दिवशी दिसतच नाही. फेसाला घाबरून घाबरून लोक शेवटी बिनफेसाची, शांत बाटली भरायला शिकतात, मानेत चार बोटं जागा सोडतात आणि निवांतपणे बूच बसवतात. त्या चार बोटांत असते हवा, आणि हवेत ऑक्सिजन.

माझ्या ओळखीच्या एकाने भरपूर हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) घातलेली आयपीए नावाची बिअर अशीच भरली होती. एकाही बाटलीवर फेसाचा टिपूस नाही, म्हणून स्वारी खूश. "बघ, किती स्वच्छ काम!" मी म्हटलं, थोडा फेस येऊ दे रे, तो हवा बाहेर ढकलतो. त्याला ते पटलं नाही. बाटल्या खोलीतच कपाटात राहिल्या. काही आठवड्यांनी मित्रमंडळींसमोर उघडल्या तर सोनेरी बिअर चहाच्या रंगावर गेलेली, हॉप्सचा वास गायब आणि चव ओल्या पुठ्ठ्याची. तो म्हणे, हॉप्सच जुने होते. मग मी त्याच केगमधली उरलेली बिअर ग्लासात ओतून शेजारी ठेवली. ती सोनेरी, वासाला अजून ताजी. त्यानंतर हॉप्सचा विषय निघाला नाही.

माझी सवय अशी: बाटलीच्या तळापर्यंत नळी घालून आधी थोडा कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्याने सगळी हवा जात नाही, तरी बरीच कमी होते. मग तळापासूनच बिअर भरत जातो, नळी काढताना फेस काठापर्यंत येऊ देतो आणि त्या फेसावरच लगेच बूच दाबतो. नळी काढल्यावर दोन-अडीच सेंटिमीटर जागा राहते, ती फेसाने भरलेली हवी. फेस आलाच नाही तर बाटलीला बाहेरून टिचकी मारतो. ओळीने सगळ्या बाटल्या भरून मग बुचं बसवणाऱ्यांशी मी वाद घालायचं सोडलंय.

भरताना थोडा गॅस उडतोच. त्यासाठी केगमध्येच गॅस किंचित जास्त ठेवा. बाटलीत "वरून" साखर टाकू नका! बिअरमध्ये आधीच गॅस आहे आणि यीस्टही जिवंत आहे, बाटली फुटेल. तसंच आंबणं पूर्ण झालंय का, हे केगमध्ये भरण्याआधीच हायड्रोमीटरने (द्रवाची घनता मोजायच्या साधनाने) पाहा. थंडीत यीस्ट गप्प बसतं, बाटली खोलीत आली की पुन्हा कामाला लागतं.

पिळून उघडायच्या बुचांच्या बाटल्या वापरू नका, हातातल्या कॅपरने (बूच दाबायच्या साधनाने) त्या नीट बंद होत नाहीत. पारदर्शक बाटल्याही नकोत. उजेडाने हॉप्समधले कडू घटक तुटतात आणि उग्र वास येतो. तपकिरी काच घ्या.

भरलेल्या बाटल्या फ्रिजमध्येच ठेवा आणि लवकर संपवा. केगमध्ये बिअर उरली असेल तर रेग्युलेटर पुन्हा नेहमीच्या दाबावर न्या. हे हमखास विसरलं जातं, आणि पुढच्या आठवड्यात "केग मंदावला" म्हणून फोन येतो.