मध्ययुगीन इंग्लंडमधल्या बिशपनिवडीचे वाद अभ्यासताना या चुका टाळा

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘कोण निवडून आलं?’ इथून सुरुवात करणं. आधी विचारा, निवडायचा हक्क कोणाचा होता? बहुतेक भांडणं तिथेच होती.

इंग्लंडच्या चर्चचं सर्वांत वरचं पीठ असलेल्या कँटरबरीचंच बघा. १३ जुलै १२०५ रोजी आर्चबिशप ह्यूबर्ट वॉल्टर वारला. निवड आमचीच, असं तिथल्या क्राइस्ट चर्च मठाचे मठवासी म्हणत होते. हाताखालच्या बिशपांनीही त्यात वाटा मागितला आणि राजा जॉनला आपला माणूस हवा होता. मठवासीयांनी गुपचूप आपला उपमठाधिपती रेजिनाल्ड निवडून रोमला धाडला. डिसेंबरात राजा स्वतः कँटरबरीत आला, तेव्हा त्याच मठाने नॉर्विचचा बिशप जॉन डी ग्रे निवडला! पोप तिसरा इनोसंट याने दोन्ही निवडी रद्द केल्या. मग रोमला गेलेल्या मठवासीयांनी १२०६ च्या डिसेंबरात स्टीफन लँग्टनला निवडलं. म्हणून ‘पोपने लँग्टन नेमला’ एवढंच लिहून थांबू नका. निवड मठवासीयांच्या हातूनच झाली, पण राजाच्या संमतीशिवाय. जॉनचा सगळा राग तिथेच होता. १२०७ मध्ये त्याने मठवासीयांना हाकलून लावलं. मग पोपने घातलेल्या बंदीमुळे १२०८ च्या मार्चपासून देशभर धार्मिक विधी जवळपास बंद पडले, ते १२१४ पर्यंत.

रेजिनाल्डच्या गुप्त निवडीची रंगतदार हकीकत तेराव्या शतकातला इतिवृत्तकार रॉजर ऑफ वेंडोव्हरने दिली आहे, पण ती बऱ्याच वर्षांनी लिहिलेली. दुसऱ्या आधाराशिवाय ती जशीच्या तशी उचलू नका.

मतं मोजून निकाल लावायचा मोहही आवरा. १२१५ साली रोममध्ये भरलेल्या चर्चच्या लॅटरन परिषदेच्या नियमात ‘मोठ्या’ गटाबरोबर ‘अधिक शहाणा’ गटही होता, त्यामुळे हरलेल्यांनाही रोमकडे दाद मागायला जागा असे. शिवाय निवडलेला माणूस लायक ठरावा लागे: १२२८ मध्ये कँटरबरीसाठी निवडलेला वॉल्टर ऑफ आइनशम कार्डिनलांच्या (पोपच्या वरिष्ठ सल्लागारांच्या) परीक्षेत नापास झाला आणि निवड रद्द झाली.

पैसा विसरलात तर राजाचं वागणं कळणारच नाही. पद रिकामं असेतो तिथलं उत्पन्न राजाच्या तिजोरीत जाई. उशिरात त्याचा फायदाच होता.

तारखा जुळत नसतील तर जॉनची राज्यवर्षं, म्हणजे त्याच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष ते, तपासा. ती येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणापासून मोजत आणि तो सण दरवर्षी सरकतो, म्हणून वर्षांची लांबी कमी-जास्त होते.