ब्लॉगच्या जाहिरातीला पैसे भरले आणि आता फोन उचलत नाहीत? या चुका टाळा

वरूड तालुक्यात माझं छोटंसं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, झेरॉक्स, लग्नपत्रिका, जे येईल ते करतो. गेल्या काही वर्षांत त्यात एका कामाची भर पडलीय. कोणी संत्र्यावर ब्लॉग लिहितो, कोणी रेसिपीची साइट चालवते, कोणाचं होमस्टे आहे. त्यांना एक दिवस फोन येतो, ‘तुमचा ब्लॉग ५०० डिरेक्टऱ्यांत, म्हणजे साइटच्या याद्यांत, टाकतो, महिन्यात गूगलच्या पहिल्या पानावर आणतो.’ पैसे जातात. दोन-तीन महिन्यांनी ते माझ्यासमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले असतात आणि विचारतात, ‘भाऊ, तक्रार कुठं करू?’

मी लिहायला घेतो आणि दहा मिनिटांत कळतं की यात दम नाही. समोरची कंपनी फार हुशार असते असं काही नाही. आपल्याच हातात कागद नसतो.

मीही यात पोळलोय. संत्र्यावरचे डिंक्या, कोळशी हे रोग, बहार धरणं असल्या विषयांवर माझा ब्लॉग आहे. ३०० डिरेक्टऱ्यांसाठी मी साडेचार हजार भरले. महिन्यानं एक्सेलची फाइल आली. रात्री जेवण झाल्यावर एकेक लिंक उघडत बसलो. पहिल्या चाळीसपैकी निम्म्या उघडल्याच नाहीत. एकीत माझा ब्लॉग ‘फळांचे रस’ या सदरात होता, वर वजन कमी करायची पावडर, खाली ऑनलाइन रमी. वरूडचं राज्य लिहिलं होतं गुजरात. बायकोनं मागून वाकून पाहिलं आणि म्हणाली, ‘इथं कोन येनार हो वाचाले?’ साडेचार हजारांत मला मिळालेला एकमेव खरा सल्ला तो, आणि तोही फुकट.

डिरेक्टरी म्हणजे काय, हे न विचारता पैसे भरणं

एके काळी डिरेक्टरीला अर्थ होता. सर्च इंजिन कच्चं होतं तेव्हा लोक विषयवार यादी उघडून साइट शोधायचे. याहूची डिरेक्टरी २०१४ च्या अखेरीस बंद झाली. स्वयंसेवक चालवायचे ती डीमॉझ मार्च २०१७ मध्ये. डिरेक्टरीतली नोंद म्हणजे आपल्या ब्लॉगकडे येणारी एक लिंक. गूगलनं त्याआधीच, एप्रिल २०१२ मध्ये, पेंग्विन नावाचा बदल आणून विकतच्या आणि घाऊक लिंकांवर बडगा उचलला होता. क्रमांक वाढवण्यासाठी लिंक विकत घेणं गूगलच्या नियमात आजही स्पॅममध्येच मोडतं. म्हणजे ‘५०० लिंक’ हा आकडा ऐकून आपण खूश होतो, पण त्यातल्या बहुतेकांकडे गूगल ढुंकूनही पाहत नाही.

पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलनं स्वतः लिहून ठेवलंय. अशी हमी देणाऱ्याचा फोन तिथंच ठेवून द्या.

आणि यावरचं दुसरं दुकान बघा. सहा महिन्यांनी वेगळ्या नंबरवरून फोन येतो, ‘सर, आपके ब्लॉग पे खराब लिंक बहुत है, हम साफ कर देंगे.’ साफसफाईचे पुन्हा आठ हजार. आपल्या ब्लॉगला कुठून लिंक आल्यात ते गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात फुकट दिसतं. गूगलकडून कारवाईची सूचना तिथं आली नसेल, तर त्या लिंका तशाच पडू द्या.

बोलणं फोनवर, पैसे यूपीआयवर

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. मागच्या हिवाळ्यात एक काका आले होते.

‘पह्यल्या पानावर आनतो म्हने बाप्पा तो पोरगा.’
‘कुठं म्हणाला, काका?’
‘फोनवर.’
‘मेसेज वगैरे काही?’
‘मेसेज कायचा? चांगलं बोलत होता तो.’

चांगलं बोलणं तक्रारीला जोडता येत नाही. त्यावर उपाय सोपा आहे. फोन ठेवल्याबरोबर तुम्हीच त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर लिहा, ‘आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे इतक्या डिरेक्टऱ्यांत नोंद, त्यांची नावं ही, काम अमुक तारखेपर्यंत, नोंद इतके दिवस राहणार, काम न झाल्यास पैसे इतक्या दिवसांत परत, पुढच्या वर्षी आपोआप पैसे कापणार नाही. बरोबर ना?’ त्यानं ‘हो’ किंवा ‘ओके सर’ लिहिलं की तो तुमचा कागद झाला. ‘सर, कॉल करता हूँ’ असं उत्तर आलं, तर पैसे खिशात ठेवा. मी हा मेसेज मराठीत टाइप करून ठेवलाय आणि येईल त्याला देतो. आजवर निम्मे तरी विक्रेते तो वाचून गायब झालेत.

बिल मागायला आपण लाजतो. लाजू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेचं बिल किंवा पावती न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष सेवेचे पैसे बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत करायला नकार देणं, हेही त्यातच येतं. ‘अधिक १८ टक्के जीएसटी’ म्हणत असेल तर जीएसटी नंबर मागा आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, नाव कोणाचं येतं ते. लहान धंदेवाल्याला नोंदणी नसू शकते, त्यात गैर नाही. पण नंबर नसताना कर घेतो, तो सरळ खिशात घालतोय.

एकदाच भरले असं समजणं

माझ्या मावसबहिणीचं मोहर्लीजवळ होमस्टे आहे. ती त्याचा ब्लॉगही लिहिते, जंगलाचे फोटो, मोहफुलांचे पदार्थ वगैरे. तिनं ‘फक्त ९९९’ रुपयांत प्रमोशन घेतलं. सात महिन्यांनी पासबुक भरून आणलं तेव्हा तीच रक्कम ओळीनं सात वेळा. पैसे भरताना तिनं ऑटोपेला, म्हणजे दर महिन्याला आपोआप पैसे कापायला, मंजुरी दिली होती, आणि पिन टाकताना ती ओळ वाचली नव्हती. ताडोब्याच्या जंगलाचा आतला भाग, कोअर, पावसाळ्यात बंद असतो, त्या तीन महिन्यांचेही पैसे गेले.

तिनं कंपनीला ‘बंद करा’ असे चार मेसेज केले होते. तसं करत बसायची गरज नाही. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेट असं सदर असतं, तिथं जाऊन असलं मॅन्डेट आपणच रद्द करायचं. पैसे कापायच्या आधी सूचना येते. ती लोनच्या जाहिरातींच्या ढिगात हरवते, म्हणून महिन्यातून एकदा हे सदर उघडून बघा. घेणं सोपं आणि सोडणं अवघड अशी सेवा बांधणं, ‘आजच्या आज भरा नाहीतर ऑफर गेली’ अशी खोटी घाई करणं, हे प्रकार ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत ‘डार्क पॅटर्न’ म्हणून नावानिशी आलेत. तक्रारीत हे शब्द लिहा.

आणि वर्षभराचं पॅकेज कशाला? आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर निघतात. संत्री थेट विकणाऱ्यानं मे महिन्यात जाहिरातीला पैसे घालणं म्हणजे रिकाम्या झाडाखाली कॅरेट मांडणं.

रिपोर्टमधला आकडा खरा मानणं

‘या महिन्यात १०,००० व्हिजिटर’ असा रंगीत रिपोर्ट येतो. स्वतःचं अ‍ॅनालिटिक्स, म्हणजे ब्लॉगवर कोण कुठून आलं ते दाखवणारं पान, उघडा. मराठी ब्लॉगवर भलत्याच देशातून माणसं येतायत आणि एका सेकंदात परत जातायत असं दिसलं, तर ती माणसं नाहीतच. तो स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा. तक्रारीत ‘फायदा झाला नाही’ या वाक्याला किंमत नाही. ‘३०० नोंदी ठरल्या, १४० लिंक उघडत नाहीत, यादी सोबत’ याला आहे.

पासवर्ड देऊ नका, हे सांगायला नको. तरी लोक देतात. गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट असतं. ते दुसऱ्याकडून करून घेतलं तरी मालक म्हणून तुमचाच ईमेल हवा, त्याला मॅनेजर करा. डोमेनचं, म्हणजे ब्लॉगच्या पत्त्याचंही तसंच. नाहीतर तक्रार केल्याच्या दुसऱ्या दिवशी ब्लॉगच बंद पडतो.

चुकीच्या दारात जाणं

काम वाईट झालं आणि फसवणूक झाली, या दोन गोष्टी वेगळ्या. पैसे घेऊन नंबर बंद, कंपनीच बनावट, असं असेल तर लगेच १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. कंपनी जागेवर आहे पण ठरलेलं काम केलं नाही, असं असेल तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन आदेश देत नाही, तक्रार कंपनीपुढे ठेवते, पण बऱ्याच कंपन्या तेवढ्यानंही हलतात. अशा वेळी पोलीस ठाण्यात गेलात तर हा दिवाणी मामला आहे म्हणून परत पाठवतील. काका तसे दोनदा परत आले.

१९१५ ला फोन करण्याआधी कंपनीला ईमेलवर लेखी तक्रार करा. पैसे भरल्याची तारीख, यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा क्रमांक), काय ठरलं, काय मिळालं, किती रक्कम परत हवी आणि कधीपर्यंत. एवढंच. शिव्या नकोत. रागात पाच ठिकाणी पाच वेगळ्या रकमा लिहिणारे मी पाहिलेत.

तरी नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी दिल्लीची असो की बंगळुरूची, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरूनही दाखल होते. कंपनी म्हणेल, ‘ही सेवा धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहकच नाही.’ स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा ‘धंद्यासाठी घेतली’ असं धरत नाही, सेवेबाबतही आपण तेच म्हणायचं. आपला ब्लॉग, आपली बाग, आपलं होमस्टे आपणच चालवतो, हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा.

मुदत दोन वर्षांची. ‘सर, अगले महिने पक्का’ असं ऐकत मी ती घालवली, त्यामुळे माझे साडेचार हजार गेले ते गेलेच. मावसबहिणीनं १९१५ वर तक्रार टाकली, तिला चार महिन्यांचे परत मिळाले. त्याच आठवड्यात तिला आणखी एक फोन आला, ‘मॅडम, बाकी तीन महिने का रिफंड है, क्यूआर भेजा है, स्कॅन करके पिन डालिए.’ पैसे यायला पिन लागत नाही, हे तिला आता ठाऊक होतं. तिनं त्याला विचारलं, ‘होमस्टे बुक करता का? दोन रात्रींचे आगाऊ लागतात.’