डिस्चार्ज कार्डावरचं अँटिबायोटिक: या चुका टाळा

राउंडमध्ये "उद्या सोडा" असं ऐकलं की ड्युटीवरचा आरएमओ (निवासी डॉक्टर) कार्ड ओढतो आणि त्याचा हात आपोआप चालू लागतो: पँटोप्राझोल, पॅरासिटामॉल, मल्टिव्हिटॅमिन आणि सेफिक्झिम २०० ही अँटिबायोटिक गोळी, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. मग आजार कोणता का असेना. बीड, लातूर, नांदेड, कुठूनही पेशंट येऊ दे, त्याच्या पिशवीतून मला हेच कार्ड सापडतं आणि दर वेळी जीव तुटतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दिवस डिस्चार्जपासून मोजणं. वॉर्डात सेफ्ट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिक इंजेक्शन पाच दिवस गेलेलं असतं, तरी घरी जाताना कोर्स पुन्हा एकपासून सुरू होतो. ताप उतरून दोन-तीन दिवस झाले असतील आणि पेशंट स्थिर असेल, तर साध्या न्यूमोनियाला वॉर्डातले धरून एकूण पाच दिवस पुरतात. रक्तात जंतू सापडले तरी प्रत्येकाला चौदा दिवस लागत नाहीत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'बॅलन्स' अभ्यासात साडेतीन हजारांहून जास्त पेशंट होते आणि त्यात ७ दिवस १४ दिवसांच्या तोडीचे ठरले. स्टॅफ ऑरियस या जंतूचे पेशंट त्यात नव्हते. तो जंतू, हाडांचा संसर्ग, हृदयाच्या झडपेचा संसर्ग यांना लांब कोर्स लागतोच, तिथे काटकसर करू नका.

इंजेक्शन बंद केलं म्हणजे गोळी सुरू केलीच पाहिजे, असं कुठेही लिहिलेलं नाही. कोर्स पूर्ण झाला असेल तर पेशंट अँटिबायोटिकशिवाय घरी जाऊ शकतो. "मॅडम, सेफ साइडला दिलं," हे उत्तर मला पटत नाही. त्या गोळ्यांनी जुलाब होतात, आतड्यात दाद न देणारे जंतू वाढतात, आणि पुढच्या वेळी लघवीच्या साध्या संसर्गाला एकही गोळी लागू पडत नाही. मग त्याच पेशंटला इंजेक्शनसाठी पुन्हा अॅडमिट करावं लागतं.

माझी सवय सांगते. अँटिबायोटिकच्या ओळीत मी तीन गोष्टी लिहिते: कशासाठी, पहिला डोस कोणत्या तारखेला, शेवटचा कोणत्या तारखेला. शेवटची तारीख उलटून गेली असेल तर ती ओळ खोडते. पहिल्या डोसची तारीख शोधायला ट्रीटमेंट शीट मागे चाळावी लागते. नव्या पोरांना नेमकं तेच नको असतं, कालचं कार्ड कॉपी करून मोकळं व्हायचं असतं. ती दोन मिनिटं द्या.

दुसरी चूक मला जास्त छळते: खोकला रेंगाळला की घरी जाताना लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक.

केज तालुक्यातली ऊसतोड करणारी एक तिशीतली बाई दिवाळीच्या तोंडावर एका दवाखान्यात ताप-खोकल्यासाठी अॅडमिट होती. मुकादमाकडून उचल घेतलेली, टोळी निघायच्या बेतात. "फडावर डॉक्टर कुठं हुडकायचा, जास्तीच्या गोळ्या द्या," असा घरच्यांचा आग्रह. कार्डावर निदान 'एलआरटीआय', म्हणजे छातीतला संसर्ग, एवढंच, आणि खाली लेव्होफ्लॉक्सासिन ५००, दहा दिवस. थुंकी तपासलेलीच नाही. गोळ्यांनी ताप उतरला, ती कामाला लागली. पुढे ताप परत आला तेव्हा कारखान्याजवळच्या मेडिकलवाल्यानं ते कार्ड बघून तीच गोळी दिली. पुन्हा थोडं बरं वाटलं. कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, ती माझ्याकडे आली, तेव्हा गळ्याची हाडं वर आली होती. पिशवीत तेच कार्ड, रिकाम्या स्ट्रिप आणि घड्या पडून चिरलेला एक्स-रे. सीबीनॅटवर, म्हणजे थुंकीतले टीबीचे जंतू शोधणाऱ्या मशीनच्या तपासणीत, टीबी निघाला. कोपीत (ऊसतोड्यांच्या झोपडीत) तिच्याजवळ झोपणारा मुलगाही खोकत होता.

लेव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूंवर चालतं, म्हणूनच ते धोक्याचं आहे. एकट्यानं दिलं की आजार दबतो, निदान लांबतं, आणि औषधाला दाद न देणाऱ्या टीबीसाठी राखून ठेवलेलं शस्त्र बोथट होतं. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर आधी थुंकी पाठवा, सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते. रिपोर्ट हातात येईपर्यंत मी लेव्होला हात लावत नाही. शिवाय पेशंट ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळीवर असेल तर लेव्होनं साखर धाडकन उतरू शकते.

फडावर जाणाऱ्याची अडचण खरी असते, पण "जास्तीच्या गोळ्या" हे त्या अडचणीचं उत्तर नाही. मी कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून देते की पुन्हा ताप आला, धाप लागली, थुंकीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. वॉर्डाचा फोन नंबर खाली. वाचता येत नसेल तर सोबतच्या माणसाकडून ते म्हणवून घेते.

सिझरला चीर देण्याआधीचा एक डोस पुरतो. टाके कोरडे असताना पुढे आठवडाभर गोळ्या देऊ नका.

लघवीत पस सेल (पू-पेशी) दिसल्या आणि तक्रार काहीच नाही? गरोदर बाई किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया ठरलेला पेशंट सोडला तर औषध नको.

डेंग्यूला अँटिबायोटिक नाही. प्लेटलेट कमी आहेत म्हणूनही नाही.

विडाल ही रक्ततपासणी एकटी पॉझिटिव्ह म्हणजे टायफॉइड नव्हे. ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) पहिल्या डोसच्या आधी काढा.

कल्चरवरून आठवलं. पेशंट घरी जातो आणि रिपोर्ट दोन दिवसांनी लॅबच्या ट्रेमध्ये पडून राहतो. डिस्चार्जच्या वेळी बाकी असलेलं प्रत्येक कल्चर वॉर्डाच्या वहीत, पेशंटच्या मोबाइल नंबरसह लिहा आणि कोण बघणार त्याचं नाव समोर घाला. लघवीच्या संसर्गाचा संशय होता, कल्चर पहिल्या डोसआधी घेतलं होतं, ते निगेटिव्ह आलं आणि तापाचं दुसरं कारण सापडलं, तर सिस्टरांकडून निरोप पाठवू नका. स्वतः फोन लावा आणि उरलेल्या गोळ्या बंद करायला सांगा.