गोव्यात येऊन लेथवर पोट भरायचंय? आधी लाकूड सुकवायला शिका

मी सावंतवाडीचा, आता म्हापशात भाड्याच्या गाळ्यात कातकाम करतो, म्हणजे लेथ या मशीनवर लाकूड फिरवून हत्याराने त्याला आकार देतो. गावची पोरं फोन करतात, दादा आम्हाला पण तिकडे यायचंय, कुठलं मशीन घेऊ? मशीनचं नंतर बघू रे, आधी लाकूड.

फणस, आंबा इथे भरपूर मिळतो आणि पावसात पडलेलं झाड लोक कमी पैशात देतात, पण उभं झाड तोडायचं तर गोव्याच्या १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने वन खात्याची परवानगी लागते, म्हणून मालकाकडे कागद बघूनच ओंडका उचला.

ओलं लाकूड एकदम फायनल कातायचं नाही. १० इंची वाडगा असेल तर भिंत १ इंच जाड ठेवून कच्चा काता, जिथे लाकडाच्या रेषांची तोंडं उघडी पडतात तिथे मेण लावा, बुडाला पेन्सिलने तारीख आणि वजन लिहा, कागदी पिशवीत घालून सावलीत ठेवा. दर आठवड्याला वजन करा, उतरायचं थांबलं की वाडगा सुकला, मग फायनल काता. पण हे जुलैत धरू नका! तेव्हा वजन थांबतं ते त्या दमट हवेपुरतं. माझी पहिली मोठी ऑर्डर एका हॉटेलची होती, २० वाडगे, ऑगस्टमध्ये दिले आणि एसीत महिनाभरात ६ तडकले, सगळे बदलून द्यावे लागले, खूप वाईट वाटलं. आता पावसाळ्यातला माल जानेवारीपर्यंत अडवतो, घाई असेल तर बंद पडलेल्या फ्रिजमध्ये वर-खाली भोकं पाडून ६० वॅटचा पिवळा बल्ब लावतो आणि त्याच्या उबेत वाडगे सुकवतो. सुकलेल्या वाडग्यावर टिचकी मारून बघा, टण्ण वाजतो, ओला असला की आवाज बसका येतो.

स्पीडचा हिशोब सोपा आहे, व्यासाचे इंच गुणिले आरपीएम ६००० ते ९००० च्या मध्ये ठेवा, म्हणजे १० इंचाला ६०० ते ९००, आणि ओबडधोबड ओंडका असेल तर त्याहून कमीच. हातमोजे अजिबात नको, अडकले तर हात आत खेचला जातो. फेसशील्ड हवीच.

आपली लाखेची विद्या सोडू नका. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घासून घासून तापते, वितळते आणि रंग धरते, मग केवड्याच्या पानाने चकाकी आणायची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गिऱ्हाईक ही चकाकी बघूनच थांबतं. कोकणी बोला, मालवणी येते त्याला ती जड जात नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, ऑनलाइन फुकट होते, त्यासाठी कुठल्याही एजंटला पैसे देऊ नका.