प्रदर्शनातील चौकशी ऑनलाइन दुकानापर्यंत आणण्यासाठी

क्रोशाची तोरणे किंवा रुखवताच्या वस्तू ऑनलाइन विकायला घेतल्या की पहिली अडचण अशी येते की, प्रदर्शनात मनापासून कौतुक करून वहीत नंबर लिहून गेलेल्यांना व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून (एकच निरोप एका वेळी अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याची सोय) निरोप पाठवला, तरी उत्तर येत नाही. अनेकदा तो निरोप पोहोचलेलाच नसतो, कारण ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला असतो, त्यांनाच तो मिळतो.

म्हणून वही बाजूला ठेवून पुढीलप्रमाणे करावे.

१. व्हॉट्सॲप बिझनेस या व्यवसायासाठीच्या ॲपमधील आपला क्यूआर कोड छापून टेबलावर उभा ठेवावा.

२. वस्तू हातात घेऊन पाहणाऱ्या व्यक्तीला तो स्कॅन करून 'तोरण' एवढाच शब्द पाठवण्यास सांगावे आणि दुकानाच्या नावाने नंबर तिथल्या तिथे सेव्ह करण्याची विनंती करावी.

३. त्याच संध्याकाळी, तिने पाहिलेल्या तोरणाचा दाराच्या चौकटीला लावलेला फोटो, इंचांतील लांबी, किंमत आणि कुरियरचा खर्च स्पष्ट लिहून पाठवावा. नुसत्या टेबलावर पसरलेल्या तोरणाच्या फोटोवरून ते आपल्या दाराला पुरेल का, हे कळत नाही, आणि खरेदी बहुधा तिथेच अडते.

दसरा-दिवाळीसाठीचे फोटो निदान तीन आठवडे आधी पाठवावेत, म्हणजे विणायला आणि कुरियरला वेळ मिळतो.

मात्र कोणालाही न विचारता ग्रुपमध्ये घेऊ नये. लोक नंबर ब्लॉक करतात आणि मग ते गिऱ्हाईक परत मिळणे फार कठीण असते.