मस्टँगच्या मागच्या काचेवर लूव्हर्स कसे बसवावेत

काही स्पोर्ट्स कारच्या मागच्या काचेवर आडव्या, तिरप्या पट्ट्यांची एक चौकट बसवलेली दिसते. तिलाच लूव्हर्स म्हणतात. जुन्या बंगल्यांच्या खिडक्यांना लाकडी पट्ट्यांच्या झडपा असत, त्यांचेच हे तत्त्व आहे: वरून येणारे ऊन पट्ट्यांवर अडते आणि आडवी जाणारी नजर मधल्या फटींतून पार होते. १९६६ साली आलेल्या लॅम्बोर्गिनी मिउरावर अशा पट्ट्या होत्या, कारण तिचे इंजिन चालकाच्या पाठीशी होते आणि त्याची उष्णता बाहेर पडायला वाट हवी होती. फोर्डने १९६९ च्या मस्टँग बॉस ३०२ साठी त्या जादा पैसे मोजून घेण्याची सोय ठेवली. तिचे इंजिन पुढेच होते, त्यामुळे तिथे कामाचा भाग फक्त ऊन अडवण्यापुरता होता, बाकी सारा देखणेपणाचा. आजही बहुतेक जण त्या देखणेपणासाठीच बसवतात, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही.

पुढील माहिती २०१५ ते २०२३ या काळातील मस्टँगच्या कूपे, म्हणजे पक्क्या छपराच्या, दोन दारांच्या प्रकाराला धरून दिली आहे. या गाडीची मागची काच इतकी आडवी पडलेली असते की दुपारचे ऊन थेट मागच्या सीटवर उतरते. उघड्या छपराच्या मस्टँगला हे लूव्हर्स चालत नाहीत. कामाची पद्धत इतर फास्टबॅक, म्हणजे छप्पर मागे सलग उतरत जाणाऱ्या गाड्यांनाही थोड्याफार फरकाने लागू पडते.

सामान मागवण्याआधी कायदा पाहावा. अमेरिकेत मागची काच झाकण्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. अनेक राज्यांत दोन्ही बाजूंचे आरसे शाबूत असतील तर मागच्या काचेबाबत सूट मिळते, तरी आपल्या राज्याचा नियम स्वतः वाचलेला बरा. मागे मधोमध असणाऱ्या तिसऱ्या ब्रेकदिव्याबाबत मात्र सूट नाही. १९८६ च्या मॉडेलपासून तिथे प्रत्येक मोटारीला तो सक्तीचा आहे, आणि त्याच्यावर पट्टीची सावलीसुद्धा पडता कामा नये. भारतातही मस्टँग २०१६ पासून अधिकृतपणे विकली गेली, म्हणून तिथल्या वाचकांसाठी सांगतो: केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० नुसार मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश पार व्हावा लागतो, आणि अपारदर्शक पट्ट्यांची चौकट या अपेक्षेत बसणे अवघड आहे. आरटीओत विचारल्याशिवाय पैसे गुंतवू नयेत.

लूव्हर्स मुख्यतः एबीएस प्लास्टिकचे किंवा ॲल्युमिनियमचे मिळतात. प्लास्टिकचे हलके आणि स्वस्त असतात, पण स्वस्तातले प्लास्टिक कडक उन्हात काही वर्षांत पांढुरके पडते. ॲल्युमिनियमच्या बऱ्याच संचांना वरच्या बाजूला बिजागऱ्या आणि खाली खटके असतात, त्यामुळे चौकट उचलून काच पुसता येते. माझे मत विचाराल तर जास्त पैसे याच सोयीसाठी द्यावेत, कारण पट्ट्यांखाली पाने, परागकण आणि धूळ जमते आणि न उघडणाऱ्या चौकटीखालची काच सहा महिन्यांत बघवत नाही. पत्र्याला भोके पाडायला लावणारा संच मात्र घेऊ नये; जिथे रंग फुटतो तिथे आज ना उद्या गंज येतो.

सामान हातात आल्यावर चिकटवण्याची घाई न करता चौकट आधी काचेवर नुसती ठेवून पाहावी. या कामाला दोन माणसे लागतात. दोघांनी दोन कडा धरून ती हलकेच टेकवावी, डाव्या आणि उजव्या काठापासूनचे अंतर मोजपट्टीने मोजून सारखे करावे आणि चारही कोपऱ्यांशी मास्किंग टेपच्या खुणा लावाव्यात. मग एकाने चौकट धरून ठेवावी आणि दुसऱ्याने डिकी सावकाश उघडावी. डिकीच्या झाकणाची पुढची कड उघडताना चौकटीला घासते आहे का, हे याच वेळी कळते. चौकट चिकटवल्यावर कळले तर उपयोग नाही. त्यानंतर चालकाच्या सीटवर बसून आतल्या आरशात पाहावे. मागची गाडी आडव्या पट्ट्यांत कापलेली दिसेल, पण ती आहे हे स्पष्ट कळायला हवे. शेवटी सोबत्याला ब्रेक दाबायला सांगून आपण दहा-पंधरा मीटर मागे उभे राहावे आणि तिसरा दिवा पूर्ण दिसतो याची खात्री करावी.

यानंतरचा सगळा खेळ स्वच्छतेचा आणि तापमानाचा आहे. बहुतेक संचांत थ्रीएम कंपनीच्या व्हीएचबी जातीची दुहेरी चिकटपट्टी येते. ही पट्टी अतिशय मजबूत असते, पण मेण, सिलिकॉन पॉलिश किंवा सिरॅमिक कोटिंग यांच्यावर ती धरत नाही. काच आधी साबणपाण्याने धुवावी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात मिसळून त्याने पुसावी आणि लगेच दुसऱ्या कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने कोरडी करावी. काचेच्या कडेला आतून काळा पट्टा भाजलेला असतो. चिकटपट्टी शक्यतो त्याच्यावर येईल अशी ठेवावी, म्हणजे ती आतून दिसत नाही. संचात प्रायमरची, म्हणजे पकड वाढवणाऱ्या द्रवाची पुडी असेल तर ती सूचनेत सांगितलेल्या पृष्ठभागावर आणि पट्टीपुरतीच फिरवावी, कारण रंगावर ओघळली तर डाग पडतो. धुके घालवणाऱ्या तापतारा काचेच्या आतल्या बाजूला असतात, त्यामुळे बाहेरच्या कामाने त्यांना इजा होत नाही.

तापमानाकडे मी स्वतः एकदा दुर्लक्ष केले होते. नोव्हेंबरातल्या एका सकाळी, थंडगार गॅरेजमध्ये, दुपारी मित्रांना गाडी दाखवायची म्हणून मी चौकट चिकटवून टाकली. तिसऱ्या आठवड्यात महामार्गावर मागून टिक-टिक असा आवाज येऊ लागला. उतरून पाहिले तर उजवा खालचा कोपरा नखभर उचलला होता आणि त्याखालची पट्टी धुळीने करडी झाली होती. ही चिकटपट्टी २१ ते ३८ अंश सेल्सिअसमध्ये उत्तम धरते, १० अंशांखाली लावूच नये. गॅरेज थंड असेल तर काच आणि पट्टी दोन्ही हेअर ड्रायरने कोमट करून घ्यावीत. काच हाताला ऊबदार लागली की पुरे, एकाच जागी झोत धरून ती तापवू नये.

चिकटवताना चिकटपट्टीवरचा सगळा लाल कागद एकदम सोलू नये. प्रत्येक चिकटपट्टीच्या टोकाचा दोन इंच कागद सोलून बाहेरच्या बाजूला वळवावा आणि मास्किंग टेपने चौकटीच्या वर अडकवून ठेवावा. चौकट खुणांवर बरोबर बसली की सोबत्याने ती हलकी धरावी आणि आपण ते टोक तिरके, सावकाश ओढत न्यावे. कागद चौकटीखालून निघून येतो आणि पट्टी जागच्या जागी काचेला टेकते. कागद मध्येच तुटला तर चिमट्याने काढता येतो, मात्र चौकट उचलू नये. मग पट्टीच्या संपूर्ण लांबीवर अंगठ्याने जोर देत जावे आणि प्रत्येक वितेवर पंधरा सेकंद थांबावे. साधारण २० मिनिटांत निम्मी पकड येते, २४ तासांत ९० टक्के आणि पूर्ण पकडीला ७२ तास लागतात. तोवर कोपऱ्यांना मास्किंग टेप राहू द्यावी, गाडी धुऊ नये आणि महामार्गावर नेऊ नये.

पहिल्या लांब फेरीनंतर चारही कोपरे नखाने चाचपावेत. शिटीसारखा आवाज येत असेल तर तो बहुधा वरच्या कडेच्या फटीतून येतो. रबराची पातळ पट्टी सरकवल्यास थांबतो. फिरत्या ब्रशांच्या वॉशिंग केंद्रात गाडी नेऊ नये, कारण ब्रशाचे केस पट्ट्यांत अडकून चौकट ओढली जाते. बर्फाच्या प्रदेशात खरवडणी पट्ट्यांखाली पोहोचत नाही, म्हणून निघण्याआधी दहा मिनिटे तापतारा चालू ठेवाव्यात.

कधी चौकट काढायची वेळ आली तर चिकटपट्टी ड्रायरने कोमट करावी आणि मासेमारीचा नायलॉन दोरा दोन्ही हातांत धरून काच आणि चौकट यांच्यामधून करवतीसारखा चालवावा. राहिलेला चिकटपणा अंगठ्याने चोळल्यास गोळ्या होऊन निघतो. उरलेले अल्कोहोलने पुसून घ्यावे.